विसरणं हेही मेंदूचंच काम

महोदय,

'स्मरणशक्ती वाढवा' छापाच्या पावडरींच्या जाहिराती पुरवणीत सारख्या दिसतात. मी बालवाडीत शिकवायचे. पालक तक्रार करत, 'मागल्या वर्षीची सहल पोराला आठवतच नाही!' आठवणार कशी? टोरांटोच्या शीना जॉसलिन आणि पॉल फ्रँकलंड या मेंदू-संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं, की हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागात, नव्या चेतापेशी वाढल्या की जुन्या आठवणी पुसट होतात. पिल्लांमध्ये ही वाढ वेगाने होते; ती रोखली, तर आठवण जास्त टिकली. गिनीपिग बराचसा तयार मेंदू घेऊनच जन्मतो, म्हणून नंतर नव्या पेशी कमी वाढतात. त्याची पिल्लं तितकी विसरत नाहीत. (नातू आता पाढे चुकला की उंदरांचा दाखला देतो.) माणसात असंच घडतं का, यावर संशोधकांत वाद आहे. पावडरीच्या डब्यावर मात्र तो कुणी छापत नाही.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा