बिल बेळगावचे म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: १८५/६५ आर१५ ८८एच या साइजच्या ट्यूबलेस टायरमधील दोष आणि ‘परराज्यातले बिल’ या सबबीवर नाकारलेला वॉरंटी दावा

महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावच्या अधिकृत विक्रेत्याकडून एर्टिगा टॅक्सीसाठी चार टायर घेतले. दर नगाला ५,१५० रुपये, सर्व करांसह. १३,८०० किलोमीटरनंतर पुढच्या डाव्या टायरच्या नक्षीवर, बाहेरच्या खांद्याजवळ (नक्षी संपून टायरची बाजू सुरू होते तिथे), तळहाताएवढा भाग फुगून वर आला आहे. ताशी साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरते. बॅलन्सिंग करून फरक पडला नाही. चाक मागे टाकले तेव्हा स्टेअरिंग शांत झाले आणि हादरा सीटखाली आला. त्याच रिमवर दुसरा टायर चढवला, हादरा गेला. तेव्हा रिम, अलाइनमेंट, सस्पेन्शन यांवर बोट ठेवण्यात अर्थ नाही. दोष टायरमध्येच आहे.

आपल्या कोल्हापूरच्या विक्रेत्याने टायरला हात लावण्याआधी बिल पाहिले आणि “हे कर्नाटकचं बिल आहे, तिकडंच जावा” म्हणून सांगितले. बेळगावचा विक्रेता म्हणतो, गाडी एमएच ०९ ची, दावा महाराष्ट्रातून नोंदवा. हेल्पलाइनवर पिनकोड दिला की तक्रार कोल्हापूरकडे जाते, विक्रेत्याचा कोड टाकला की बेळगावकडे, आणि दोन्हीकडून ‘निकाली’ असा संदेश येतो. वॉरंटी पुस्तिकेत मात्र ‘भारतातील कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे’ असे छापले आहे. पुस्तिका खरी धरायची की काउंटरवरचा माणूस?

चंदगड तालुक्यातला गाडीवाला बेळगावला का जातो, हे आपल्या विक्री विभागाला माहीत असावे. शिनोळी ओलांडली की बेळगाव. कोल्हापूरला जायचे तर त्याच्या दुपटीहून जास्त रस्ता. बाजार, दवाखाना, स्पेअर पार्ट, सगळे तिकडेच. त्यात टायरमागे पाच-साडेपाचशे रुपये वाचत असतील तर कोण सोडेल? ही बचत करचुकवेगिरीची नाही. पेट्रोल-डिझेलवर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, म्हणून पंपावरचा दर हद्द ओलांडली की बदलतो. टायरवर १ जुलै २०१७ पासून देशभर एकच जीएसटी आहे: आधी २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. जकात-एलबीटीच्या काळातला हिशेब आता लागू नाही. बेळगावचा टायर स्वस्त पडतो तो विक्रेत्याच्या सवलतीमुळे. ज्याची उलाढाल मोठी त्याला कंपनीची योजना मोठी, आणि त्यातला काही भाग तो गिऱ्हाइकाला सोडतो. म्हणजे सवलत आपणच देता आणि तिच्या मोहाने गिऱ्हाईक हद्दीपलीकडे गेले की वॉरंटीला अडवता.

बिलावर सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) आणि कर्नाटकचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लागला आहे, म्हणून ते ‘इथे चालत नाही’, असेही कोल्हापुरात सांगितले गेले. टायर दुकानातच गाडीला बसवून दिला, तर पुरवठ्याचे ठिकाण साधारणपणे कर्नाटक धरले जाते आणि कर असाच लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या टॅक्सी व्यावसायिकाला त्या कराचे क्रेडिट (स्वतःच्या देय करातून वजावट) इथे घेता येत नाही, एवढाच त्याचा तोटा. वॉरंटीशी एसजीएसटीच्या रकान्याचा काडीचा संबंध नाही.

स्वस्ताईचे दुसरे कारण जास्त गंभीर आहे आणि ते आपल्या गोदामाशी निगडित आहे. चारपैकी दोन टायरवर डीओटी क्रमांकाचे (टायरवर उमटवलेल्या उत्पादन क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे ३८२५ आहेत, दोघांवर ११२४. म्हणजे दोन टायर २०२५ च्या अडतिसाव्या आठवड्यातले, नवे कोरे. आणि दोन २०२४ च्या अकराव्या आठवड्यातले, विकले तेव्हा दीड वर्षाहून जुने. फुगा आलेला टायर ११२४ चा आहे. पूर्ण डीओटी क्रमांक बहुधा एकाच बाजूला असतो. हे दोन टायर ती बाजू गाडीच्या आत करून बसवले होते, त्यामुळे जॅक लावून चाक काढल्याशिवाय आकडे दिसत नाहीत. बिलावर फक्त साइज आणि नक्षीचे नाव आहे, एकाही टायरचा अनुक्रमांक नाही. वॉरंटी कार्डावरचा तो रकाना कोरा ठेवून वर शिक्का मारला आहे. नीट साठवलेला दीड वर्षाचा टायर वापरायला वाईट नसतो, हे मान्य. पण पुस्तिकेनुसार बिल असेल तर वॉरंटीची पाच वर्षे खरेदीपासून मोजायची, नसेल तर उत्पादनापासून. बिल ‘परराज्यातले’ म्हणून बाजूला सारले की दीड वर्ष आपोआप कापले जाते.

आता तपासणीबद्दल. बऱ्याच विनवण्यांनंतर आपला प्रतिनिधी आला. टायर गाडीवरच असताना त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि शेरा लिहिला: ‘खड्ड्याचा मार’. आंबोली, तिलारी, चोर्ला या घाटांत चालणाऱ्या गाडीबद्दल हा शेरा बसल्या जागी लिहिता येतो, म्हणून तो स्वीकारता येत नाही. खड्ड्याच्या माराने फुगा येतो तो साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, कारण रिमची कड आणि खड्ड्याची धार यांत टायर चिमटला जाऊन आतले धागे तुटतात. अशा टायरच्या आतल्या अस्तरावर त्याच जागी चीर किंवा वळ दिसतो आणि बऱ्याचदा रिमची कडही दबलेली असते. इथे फुगा साइडवॉलला नाही, नक्षीखाली आहे. टायर रिमवरून उतरवून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले: अस्तर अखंड, वळ नाही, रिमची कड सरळ. कमी हवेवर चालवल्याची खूणही नाही. तसे असते तर दोन्ही खांदे मधल्यापेक्षा जास्त झिजले असते आणि आत साइडवॉलवर गोल काळपट पट्टा उमटला असता. फुगा सोडला तर नक्षीवरची झीज सर्वत्र सारखी आहे. वर आलेल्या भागावर बोटाने टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, शेजारी घट्ट येतो. स्टीलच्या पट्ट्याची कड रबरापासून सुटू लागली की असेच होते. रबर आणि तारेची पकड कारखान्यात नीट बसली नसेल तर पट्टा कडेकडून सुटतो, आणि चालताना तापून ती फट वाढत जाते. हा टायर घाटात उतरताना सोलला गेला तर पुढे काय होईल, हे आपल्या अभियंत्यांना सांगायला नको.

टायर उतरवून, आतून पाहून, लेखी अहवाल देणे ही किमान पद्धत आहे. फोटोवरून निकाल चालणार नाही.

‘मान्य झालाच तर निम्मेच मिळेल’ असेही ऐकवले गेले, म्हणून उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाईचा हिशेब इथेच मांडतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल होती. झीज-खूण (इथवर झिजला की टायर संपला) १.६ वर, म्हणजे वापरायची खोली ६.४. आज मधल्या खोबणीत चार ठिकाणी मोजल्यास ६.१ येते, म्हणजे ४.५ शिल्लक, म्हणजे ७० टक्के. ५,१५० च्या बिलावर ही रक्कम सुमारे ३,६२० रुपये होते. आपल्या प्रतिनिधीने गेज फुग्याच्या माथ्यावर, जिथे रबर जास्त घासले आहे तिथे टेकवून ५.२ लिहिले. त्यानुसार शिल्लक ५६ टक्के आणि रक्कम २,९०० च्या आत. दोषामुळे झालेली झीज दोषाच्या भरपाईतून वजा करण्याचा हा प्रकार थांबवावा.

तेव्हा पंधरा दिवसांत माझ्या उपस्थितीत टायर उतरवून तपासणी व्हावी आणि अहवालाची सही केलेली प्रत मिळावी. दावा मधल्या खोबणीच्या मोजमापावर, बिलातील किमतीवर आणि खरेदीच्या तारखेपासून मोजावा. ११२४ चा दुसरा टायरही त्याच वेळी आतून तपासावा, कारण दोन्हींवरचे बाकीचे डीओटी अक्षर-आकडेही सारखेच आहेत. बदली टायर ताज्या उत्पादनाचा असावा आणि बिलावर त्याचा अनुक्रमांक लिहावा. आपल्या विक्रेत्यांना ‘कोणत्याही राज्यातील बिल ग्राह्य’ अशी लेखी सूचना देऊन तिची प्रत मलाही पाठवावी; पुढच्या गिऱ्हाइकाला ती दाखवायला उपयोगी पडेल.

मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. टायर बेळगावला घेतला म्हणून बेळगावलाच भांडायला जावे लागत नाही.

सदोष टायर काढून ठेवला आहे. तपासणी होईपर्यंत तो कोणाच्याही ताब्यात देणार नाही, कारण ‘कंपनीकडे पाठवला’ म्हटलेला टायर परत येत नाही आणि पुरावाही त्याबरोबर जातो.

आपला,
ग्राहक, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर

सोबत: बिल आणि वॉरंटी कार्ड यांच्या प्रती, चारही डीओटी क्रमांकांचे फोटो, आतील अस्तर आणि रिमच्या कडेचे फोटो, खोली मोजतानाचे गेजचे फोटो, हेल्पलाइनवरील तक्रार क्रमांकांचे संदेश.