‘अजून तरी तडा नाही’ म्हणे!

संपादक महाशय,

स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला थ्रीडी प्रिंटरवर घरी छापलेल्या बंदुकांवरचा लेख चहाबरोबर वाचायला घेतला आणि चहा गार झाला. अमेरिकेतल्या हौशी मंडळींची मतं लेखकाने फार कौतुकाने गोळा केली आहेत. एकाची प्लॅस्टिकची फ्रेम, म्हणजे बंदुकीचा सांगाडा, वर्षभर चालतेय, दुसरा म्हणतो ‘अजून तरी तडा नाही’. आणि त्यावरून निष्कर्ष काय, तर घरगुती प्लॅस्टिक आता पोलादाच्या पंगतीला बसलं! अहो, मी 31 वर्षं भोसरीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या शॉपमध्ये काढली. गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या प्रत्येक लॉटच्या आधी हेच वाक्य कोणीतरी मला ऐकवलेलं आहे.

आमच्या घरातलंच सांगतो. मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या कुकरची लांब मूठ तुटली. तसली मूठ आसपास मिळेना. नातू इंजिनिअरिंगला, त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर. ‘आजोबा, कशाला हिंडताय, रात्रीतून काढून देतो.’ रात्रभर ते यंत्र हॉलमध्ये किरकिरत होतं. सकाळी केशरी मूठ तयार. मूळच्यापेक्षा देखणी होती, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी तीन शिट्ट्या झाल्या, मूठ जागच्या जागी. पठ्ठ्याने लगेच फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘एकदम कडक!’ चाळीसेक अंगठे आले.

तिसऱ्या दिवशी हिने वरण ओतायला कुकर उचलला आणि मूठ स्क्रूपाशी मऊ पडून हातातच वळली. वरण ओट्यावर, कुकर सिंकमध्ये, हिच्या मनगटावर फोड. डाग अजून आहे.

आता ग्रुपवर काय आहे? ‘एकदम कडक’ आहे तसंच आहे. वरणाचा फोटो कोणी टाकला नाही, मनगटाचा तर नाहीच. असल्या प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक साठेक अंशाला मऊ पडतं, मूळची मूठ उष्णतेने मऊ न पडणाऱ्या बेकेलाइटची असते ती काही उगीच नाही, हे मला माहीत होतं. मी नातवाला विचारलं नाही की बाबा, कसलं प्लॅस्टिक वापरलंस. फुकटात मूठ मिळत होती ना! तर तुमच्या लेखातल्या हौशी मंडळींची मतं म्हणजे हीच पहिल्या दिवसाची मतं. ज्याची फ्रेम फुटली तो गप्प बसतो, ज्याचं बोट गेलं तो तर टाइपही करत नसेल.

लेखात 2013 सालच्या ‘लिबरेटर’ या छापलेल्या पिस्तुलाचा उल्लेख आहे. टेक्ससच्या कोडी विल्सनने आराखडा खुला केला आणि दोन दिवसांत लाखभर लोकांनी तो उतरवून घेतला, हे छापलंत. पण त्याच आराखड्याची तिथल्या सरकारी खात्याने चाचणी घेतली, ते का नाही छापलं? आराखडा तोच, प्लॅस्टिक दोन तऱ्हेचं. एक पिस्तूल आठ बार टिकलं, दुसऱ्याच्या पहिल्याच बाराला चिंधड्या. फक्त पहिल्यावाल्याला विचारलं असतं, तर तोही ‘एकदम कडक’च म्हणाला असता.

छापलेली वस्तू थरांवर थर चढून होते. खारी बिस्किटासारखी. वरून दाबा, दम धरते. थर एकमेकांपासून ओढले जातील असा ताण द्या, पापुद्रा सुटतो. आणि बंदुकीत बाराचा झटका थरांच्या जोडांवरही बसतो. कारखान्यातही प्लॅस्टिक फसतंच. कारगिलच्या थंडीत आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलची प्लॅस्टिकची मॅगझिनं, म्हणजे गोळ्यांच्या पेट्या, तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि ती काही कोणी हॉलमध्ये रात्रीतून काढलेली नव्हती.

प्लॅस्टिक टिकतच नाही असंही मी म्हणत नाही, प्लॅस्टिकवरच तर घर चाललं. 1959 मध्ये अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने नायलॉनच्या दांड्याची रायफल काढली, ‘नायलॉन 66’. त्यांच्या टॉम फ्रायने ती घेऊन लाकडाच्या 1 लाख 10 ठोकळ्यांवर नेम धरला, चुकले फक्त सहा. पण तो दांडा ड्युपाँट कंपनीच्या नायलॉनचा, पोलादी साच्यातून निघालेला, आणि नळी पोलादाची. साचा, दाब, प्लॅस्टिकचा वाळवलेला दाणा, दर तासाला काढून तोडून बघितलेला पीस, या सगळ्यांमुळे ते टिकतं. आमच्याकडे माल तपासणारा क्यूसीवाला पीस फुटेपर्यंत ठोकायचा आणि कशाने फुटला ते वहीत लिहायचा. न फुटलेल्या पीसवरून कोणी काही सिद्ध केलेलं मी पाहिलं नाही.

बरं, लेखासोबतचा फोटो! खाली ओळ ‘घरी छापलेलं प्लॅस्टिकचं पिस्तूल’, आणि फोटोत चक्क ग्लॉक. ऑस्ट्रियाच्या कारखान्यातलं, 1982 पासून तिथल्या सैन्याकडे असलेलं. फ्रेम प्लॅस्टिकची खरी, पण वरचा सरकता भाग, स्लाइड, आणि नळी पोलादाची. हे तपासायला किती वेळ लागतो?

आणखी एक. ‘हौस’, ‘छंद’ असे शब्द वाचून आमच्यासारख्यांच्या घरचा एखादा नातू प्रिंटर चालू करून बसेल. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीचा सुटा भाग विनापरवाना बनवला तरी गुन्हा आहे. एवढ्या मोठ्या लेखात ही एक ओळ मावली नाही. आठ कॉलमी मथळा मात्र मावला.

मावण्यावरून आठवलं. जूनमध्ये मी आमच्या चौकातल्या बंद सिग्नलबद्दल लिहिलं होतं. तुम्ही ते कापून असं छापलंत की जणू सिग्नल बंद असल्याचा मला आनंदच झालाय. सोसायटीतले लोक अजून विचारतात. या पत्रातलं कापायचंच असेल तर नायलॉनचं कापा, कुकरचं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड
(नाव छापू नये. नातू हाच पेपर वाचतो.)

ता.क. : मूठ शेवटी शनिवारच्या बाजारात भांडीवाल्याकडे मिळाली. बेकेलाइटची. साठ रुपये, स्क्रूसकट.