कल्ले पुढं वळले म्हणजे काय

खानापूर

प्रिय सुधीर,

स. न.

तुझ्या अ‍ॅक्सोलॉटलचे, म्हणजे त्या पाण्यातच राहणाऱ्या बेडकाच्या जातकुळीतल्या प्राण्याचे, फोटो बघितले. कल्ले गालाकडं वळलेत, शेपटीचं टोक मुरडलंय. हा रोग नव्हे रे, ताण आहे. तेव्हा दुकानदारानं दिलेलं निळं औषध घालू नकोस. आधी थर्मामीटर बघ.

हा जीव मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत चालतात, २४ च्या वर गेलं की खाणं सुटतं. एप्रिलात शहापुरातल्या खोलीत टाकीचं पाणी २८ वर सहज जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, अमोनिया जास्त जहरी होतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाक आणि पाण्यावर तिरका पंखा लाव, दोन-तीन अंश उतरतील. बर्फाच्या बाटल्या टाकायच्या तर लहान टाक, पण आलटून पालटून. तापमान एकदम चढलं-उतरलं तर तेही वाईटच.

तापमान ठीक असेल तर फिल्टरची धार बघ. जोराचा प्रवाह सतत अंगावर आला तरी कल्ले असेच वळतात. मग पाणी तपासायचं टेस्ट किट काढ. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट २० पीपीएमपर्यंत (लिटरमागं मिलिग्रॅम). अमोनिया दिसला तर निम्मं पाणी बदल, नवीन पाणी त्याच तापमानाचं घे आणि आधी त्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाल. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलास तर त्यातले अमोनिया फस्त करणारे जिवाणू क्लोरीननं मरतात आणि अमोनिया परत वाढतो. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे झुबके दिसले तर ती बुरशी. वेगळ्या भांड्यात १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ विरघळव आणि त्याला १० मिनिटं त्यात ठेव, दिवसातून दोनदा. जास्त वेळ नको, मीठ कल्ल्यांनाच जाळतं. तडफडायला लागला तर लगेच बाहेर काढ.

तुझ्या टाकीत खडी आहे, ती मात्र आजच काढ. तोंडात मावेल ते गिळतो तो. मग पोट फुगतं, शी अडते, तरंगायला लागतो. क्वचित वर येऊन हवेचा घोट घेतो ते नेहमीचंच. पण खाली जायला धडपडून जाता येईना, तर गडबड आहे.

कल्ले विश्रांतीत फिके दिसले तर घाबरू नकोस, हालचाल केली की लाल होतात. मोठ्या नराच्या मागच्या पायांमागं फुगवटा येतो, तीही गाठ नव्हे. वजनाचा अंदाज वरून घ्यायचा: पोट डोक्याइतकं रुंद असलं म्हणजे झालं.

पण पोटावर, पायांवर लाल चट्टे उठले आणि खाणंही बंद असलं, तर घरगुती उपाय नकोत. आपल्याकडं बहुतेक डॉक्टर गाई-कुत्र्यांचे, म्हणून आधी फोन करून विचार, बेडकांसारखे प्राणी बघतात का. नेताना फोटो, पाण्याचे आकडे आणि टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन जा.

आकडे रात्री कळव.

तुझा,
विनायक