पाटी तुमच्याच नावाची असेल

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणून फोन आईकडे देणार आणि आई रडायला लागणार, म्हणून लिहितेय. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तुमच्यासाठी घर भाड्यानं घेतलंय. अनामत भरून झाली. दिवाळीच्या आत तुम्ही दोघं पुण्याला यायचंय.

रागावू नका. परवा तिकडे सोलापूरला पाणी भरताना आई मोरीत घसरली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. चार-चार दिवसांनी नळ येणार, तोही अवेळी, आणि तुम्ही दोघं उठून पिंपं भरणार. त्यात बाबांचा गुडघा आणि तो उभा जिना. माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

"मुलीच्या घरी राहायचं नसतं" हे येणारच, ठाऊक आहे मला. पण बाबा, १९८४ साली मुलीनं रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचं यावर पेठेत काय काय बोललं गेलं, तेव्हा तुम्ही ऐकलंत का लोकांचं? गिरणीतली पाळी संपवून यायचात आणि तसेच माझ्याबरोबर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट. एसटीत गिटारची पेटी तुमच्या मांडीवर. मी वाजवेपर्यंत तुम्ही विंगेत लोखंडी खुर्चीवर बसलेले.

गिटारवर सिनेमाची गाणी वाजवणारे हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली, त्यांच्या रेकॉर्डवर सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून मी गाणी बसवायची, तेव्हा घरात कुणी "पुरे" म्हटलं नाही. आपल्या स्टील गिटारला पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, नुसते बघायला असतात. तार कुठे दाबायची नाही, हातातला पोलादी रॉड तारांवर, पडद्याच्या बरोबर वर धरायचा, जरा मागेपुढे झाला की सूर गेला. उन्हाळ्यात स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापून उतरायच्या. दोन गाण्यांच्या मध्ये मी घाईनं खुंट्या पिळायची आणि तुम्ही विंगेतून हातानं खुणावायचात, वर, अजून थोडं वर. गाणं कधी शिकला नाहीत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं. तरी उतरलेली तार तुम्हाला माझ्याआधी कळायची.

आणि आई, तू जागीच असायचीस. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. तारा छेडायच्या नखीनं अंगठ्यावर वळ उठलेला असायचा, त्यावर खोबरेल चोळता चोळता तू विचारायचीस, "टाळ्या पडल्या का गं?" पहिल्या बिदागीचं पाकीट न उघडताच सिद्धेश्वराच्या पायाशी ठेवलंस. अजून डोळ्यांसमोर आहे ते.

पुढे कीबोर्ड आला, एकाच माणसाच्या हातून व्हायोलिन, बासरी, गिटार सगळं निघायला लागलं, आमची खुर्ची गेली, मी बँकेत लागले. ते असो. पण मला वाजवता आलं ते तुम्ही दोघं जागलात म्हणून. आता माझी पाळी आहे, ती मला करू द्या.

इथे नळाला पाणी रोज आहे. कमोडशेजारी आधाराला दांडी बसवून घेतलीय. आईच्या उंचीचा ओटा आहे, देवघरासाठी पूर्वेचा कोनाडा आहे. मंगळवेढ्याची ज्वारी मिळते, चक्की समोरच. बाबांना दुपारी कुणी उठवणार नाही. शनिवारी माझ्याकडे मुलं गिटार शिकायला येतात, त्यांच्या तारा कोण तपासणार? तुम्हीच. भाडेकरार बाबांच्या नावानं होईल, दारावर पाटीही त्यांचीच. भाडं मी भरणार, त्यावर वाद नको. सोलापूरचं घर विकायचं नाही, किल्ली आईच्याच कमरेला राहील. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, आपण सगळे जाऊ, नंदीध्वज बघू, हवं तर आठ दिवस राहू.

तोवर आईनं एकही कळशी उचलायची नाही. काकूंच्या मुलाला सांगून ठेवलंय, तो भरेल. मोरीतली ती गुळगुळीत फरशी आजच खरखरीत ब्रशनं घासून घ्या, बाईकडून, स्वतः नाही. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. डॉक्टरांची फाईल, आधार कार्डं आणि पासबुकं एका पिशवीत भरून ठेवा. पिंपं आणायची नाहीत. चादरी आणा, त्या इथे मिळतात तशा नसतात. यांच्याशी बोलणं झालंय, गाडी घेऊन आम्ही दोघं येतोय. निघायच्या आदल्या दिवशी फोन करते, तो बाबांनीच घ्यायचा आणि आईकडे द्यायचा नाही.

तुमचीच,
बेबी