सूचना : येत्या शनिवारची वाचनबैठक

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता राजवाड्याजवळच्या आपल्या नेहमीच्या खोलीत बैठक आहे. विषय : पल्सारच्या (वेगाने फिरत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) साहाय्याने लागलेला गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा) माग.

२९ जून २०२३ रोजी जगातील अनेक गटांनी एकाच दिवशी हे निष्कर्ष मांडले. युरोपीय गटाच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. त्यांची निरीक्षणे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरची, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. पल्सारचे स्पंद अत्यंत नियमित येतात. पल्सार आणि पृथ्वी यांच्यामधून गुरुत्वीय लहर गेली की ते किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. एक लहर पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून निरीक्षणेही वर्षानुवर्षे करावी लागली. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे या लहरींचे संभाव्य कारण आहे. ते अजून सिद्ध झालेले नाही. चर्चेत हा फरक काटेकोरपणे पाळू या.

– गटावर पाठवलेला मराठी सारांश वाचूनच यावे. गणित जमले नाही तरी चालेल, शंका मात्र लिहून आणा.
– शाळकरी मुलांना जरूर आणा, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.
– आकाश निरभ्र असेल तर ८ नंतर यवतेश्वरच्या पठारावर जाऊ. स्वेटर, पाणी आणि लाल कागद लावलेली बॅटरी हवी. तिथे मोबाईलचा उजेड अजिबात नको.

गाडीत जागा असलेल्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत गटावर कळवावे.

– संयोजक