वावर सांभाळणाऱ्यांचे आभार

बाबांना अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा इकडे वावरात कापूस फुटून लोंबत होता आणि आभाळ भरून आलेलं. कोण्या बाया आल्या, सगळा वेचला, गाठोडी ओसरीत टाकून गेल्या. मजुरी मागायला अजून कोणी आलं नाही. रक्त देणाऱ्या पोराचं तर नावही कळलं नाही. यातले बहुतेक जण चर्चला येणारे नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. बायबलातल्या स्तोत्र 136 च्या 26 वचनांत दर वेळी देवाची दया सनातन असल्याचं पालुपद येतं; दवाखान्याच्या व्हरांड्यात ते म्हणताना दर ओळीला तुमच्यापैकी कोणीतरी आठवायचं. देव सोबत असतो म्हणतात. आमच्याकडे तो ओटीत कापूस घेऊन आला. मायबहिणींनो, भाऊ, मनापासून आभार. मजुरी घ्यायला मात्र या, माय रागावून बसली आहे.