चार दिवसांच्या शिबिरावरून निकाल नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बर्फावरच्या हॉकीची उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या संघांची उन्हाळी विकास शिबिरं दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला भरतात. भारतीय वंशाचा एखादा मुलगा अशा शिबिरात दिसला की त्याची बातमी आता मराठी वाचकांपर्यंतही पोहोचते. ऑन्टारिओत राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांना याचा आनंदच आहे. पण बातमी येते ती निकालासारखी: अमुक चमकला, तमुक मागे पडला. अठरा वर्षांच्या मुलाबद्दल असं काही तीन-चार दिवसांत ठरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. शिबिर पाहायचंच असेल तर त्यात काय पाहावं, हेही सांगायचं आहे.

आधी हे शिबिर कसलं असतं ते सांगते. जूनच्या अखेरीस ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. 32 संघ सात फेऱ्यांत मिळून 224 मुलं निवडतात आणि त्यानंतर आठवडाभरात ही मुलं आपापल्या संघाच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) हजर होतात. त्यांच्यासोबत मागच्या दोन-तीन वर्षांत निवडलेले असतात, अमेरिकन कॉलेजांत खेळणारे बावीस वर्षांचे जवान असतात आणि कोणत्याच संघाने न निवडलेले काही पाहुणेही असतात. मोसम संपलेला असतो. कुणी महिनाभर बर्फावर पाऊलही ठेवलेलं नसतं, कारण उन्हाळा हा जिममध्ये ताकद कमवायचा काळ. कुणी युरोपातून आदल्याच दिवशी उतरलेला असतो. सकाळी स्केटिंग, वळणं, नेमबाजी, गोलरक्षकांचा वेगळा तास. दुपारी आहार, झोप, व्यायाम यांवर मार्गदर्शन, काही ठिकाणी तर स्वयंपाकाचे धडेसुद्धा. अंगावर जाऊन धडकणं बहुतेक शिबिरांत एकतर बंद असतं किंवा अगदी मर्यादित. शेवटी एखादा सरावसामना होतो, तोही पुष्कळदा तिघांविरुद्ध तिघांचा.

या मांडणीत कोण उठून दिसणार हे जवळपास आधीच ठरलेलं असतं. समोर धडक द्यायला कुणी नाही आणि रिंक मोकळा, त्यामुळे चपळ हातांचा फॉरवर्ड डोळे दिपवतो. ज्याचं काम प्रतिस्पर्ध्याला कठड्याशी दाबून धरण्याचं आणि गोलसमोरची गर्दी हटवण्याचं, त्या बचावपटूला आपलं काम दाखवायची संधीच मिळत नाही. गोलरक्षकाची अवस्था याहून कठीण. मदतीला बचाव नाही, समोरून एकामागून एक मुलगा एकटाच पक (खेळायची रबरी चकती) घेऊन येतोय, आणि गॅलरीतले लोक किती गोल खाल्ले ते मोजतायत. माझा मुलगा गोलरक्षक आहे, इथल्या वस्तीपातळीच्या लीगमध्ये खेळतो. म्हणून हे मोजणं मला जास्तच बोचतं.

वयाचा मुद्दा तर बातम्यांतून पार गळून जातो. ड्राफ्टसाठी 15 सप्टेंबर ही सीमारेषा आहे; त्या वर्षी तोवर अठरा पूर्ण व्हावी लागतात. 2025 मध्ये पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सने निवडलेला मॅथ्यू शेफर हा 5 सप्टेंबर 2007 चा. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत गेलं असतं. त्याच ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सने सहाव्या क्रमांकावर घेतलेला पोर्टर मार्टोन 26 ऑक्टोबर 2006 चा, म्हणजे त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठा. दोघेही गुणी आहेत, वाद त्याचा नाही. पण सतरा-अठराव्या वर्षी दहा महिन्यांत खांदे रुंदावतात, पायांत जोर येतो. शिवाय शेफर मोसमातला बराच काळ खांद्याजवळचं हाड मोडल्यामुळे खेळलाच नव्हता; ईरी ऑटर्स या ज्युनिअर संघाकडून त्याचे जेमतेम 17 सामने झाले होते. नुसते आकडे पाहणाऱ्याला तो कळलाच नसता. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर दिसलं होतं की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं ड्राफ्टमध्ये त्यांच्या कुवतीपेक्षा मागे ढकलली जातात, आणि पुढच्या कारकिर्दीत निवडक्रमावरून वाटलं होतं त्याहून सरस ठरतात.

मोजमापांवर विसंबणाऱ्यांनी सॅम बेनेटची गोष्ट लक्षात ठेवावी. 2014 च्या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत त्याला दांड्याला लटकून स्वतःला एकदाही वर ओढता आलं नाही. त्यावर केवढी चर्चा झाली! कॅल्गरी फ्लेम्सने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. 2025 मध्ये फ्लोरिडा पँथर्सने लीगच्या विजेत्याचा स्टॅनली चषक राखला तेव्हा प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक त्यालाच मिळाला. त्या प्लेऑफमध्ये त्याचे 15 गोल होते. त्याच 2014 च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडन पॉइंट 79 व्या क्रमांकापर्यंत थांबला, कारण त्याची चण आणि स्केटिंग या दोन्हींवर शंका होती. टॅम्पा बे संघाने घेतलं, वाढू दिलं. 2020 आणि 2021 च्या दोन्ही चषकविजयांत त्याने प्लेऑफमध्ये प्रत्येकी 14 गोल केले. आणि गोलरक्षकांचं म्हणाल तर कॉनर हेलेबक 2012 मध्ये 130 वा होता. निवडीनंतर तो दोन वर्षं कॉलेजात खेळला, मग नॅशनल लीगच्या खालच्या पातळीच्या कनिष्ठ लीगमध्ये. 2025 मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक आणि सर्वात मोलाचा खेळाडू हे दोन्ही करंडक त्याने एकदम घेतले. यांना अठराव्या वर्षी एका जुलै महिन्यात पाहून कुणी काय लिहिलं असतं?

मग शिबिरात पाहायचं तरी काय? पुष्कळ आहे, फक्त गोलफलक सोडून नजर वळवायला हवी. पक आपल्याकडे येण्याआधी मुलगा खांद्यावरून मागे पाहतो का, ते पाहा. जो पाहतो त्याला पक मिळाल्यावर काय करायचं ते आधीच ठाऊक असतं, आणि मोठ्या लीगमध्ये विचाराला वेळ तेवढाच मिळतो. स्केटिंग पाहताना सरळ रेषेतला वेग पाहू नका, तो सगळ्यांनाच दिसतो. डाव्या आणि उजव्या दोन्ही अंगांना तो सारख्याच सहजतेने वळतो का, थांबून पुन्हा निघताना त्याची पहिली तीन पावलं कशी पडतात, ते पाहा. बचावपटू मागे सरकत असताना समोरच्यापासून किती अंतर राखतो, त्याची स्टिक बर्फावर असते की हवेत? गोलरक्षकाने अडवलेला पक कोपऱ्यात जातो की पुन्हा समोरच्याच्या स्टिकवर? एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे सरकताना तो वेळेवर पोहोचून स्थिर होतो की धडपडत?

आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने दाखवलेली चूक तिसऱ्या दिवशी सुधारलेली दिसते का. माझ्या मते शिबिराचा खरा उपयोग एवढ्यासाठीच आहे. त्यासाठी एकाच मुलाला सलग तीन दिवस पाहावं लागतं, शक्य असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच मुलाशी ताडून पाहावं लागतं. अनेक संघ सराव लोकांसाठी खुला ठेवतात, तेव्हा ज्याला इच्छा आहे त्याला हे जमण्यासारखं आहे. शेवटच्या दिवशीच्या सामन्याला येऊन गोल मोजून जाणाऱ्याला मात्र यातलं काहीच दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, शिबिरातूनच आयुष्य घडलेली मुलंही आहेत. आहेत, नक्कीच. टोरोंटोच्या मार्क जिओर्डानोला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. 2004 च्या उन्हाळ्यात कॅल्गरीने त्याला शिबिराला बोलावलं, त्यातून करार झाला आणि 2019 मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याच्या हाती आला. न निवडलेल्या पाहुण्यांसाठी ते तीन-चार दिवस खरोखरच परीक्षेचे असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवं. पण कॅल्गरीनेसुद्धा त्याला लगेच मोठ्या संघात उभं केलं नाही. आधी कनिष्ठ लीगमध्ये घडवलं.

आपल्या वंशाच्या मुलांबाबत तर हा धीर फारच गरजेचा आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहराचा अर्शदीप बैन्स एकाही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. 2021-22 च्या मोसमात रेड डिअर रेबेल्सकडून त्याने 112 गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले, वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनिअर लीगमध्ये सर्वाधिक, आणि त्याच मोसमात व्हँकुव्हर कॅनक्सने त्याच्याशी करार केला. नॅशनल लीगमधला पहिला सामना त्याला फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाला. जून 2025 मध्ये कॅनक्सच्या कनिष्ठ ॲबट्सफर्ड संघाने, ज्यात तो खेळत होता, कनिष्ठ लीगचा कॅल्डर चषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते मॅनी मल्होत्रा. अठराव्या वर्षी बैन्सबद्दल ‘संधी हुकली’ अशी बातमी आली असती तर ती ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या किती घरांत वाचली गेली असती, आणि किती आईबापांनी मुलांच्या स्टिक माळ्यावर टाकल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. इथे गोलरक्षकाचं सामान आणि रिंकची फी परवडवण्यासाठी लोक जादा पाळ्या करतात. अशा घरात छापील शब्दाला वजन असतं.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. अशा शिबिराची बातमी जरूर द्या. त्यात मुलाची जन्मतारीख द्या, त्याचं हे कितवं शिबिर आहे ते द्या, तो निवडलेला आहे की पाहुणा, आणि सरावात धडक द्यायची मुभा होती की नव्हती हेही लिहा. क्रमवारी आणि ‘चमकले-फसले’ अशा याद्या मात्र वगळा. सप्टेंबरात नव्या खेळाडूंची शिबिरं होतात, इतर संघांच्या तरुणांशी पूर्ण धडकाधडकीचे सामने होतात, मग मुख्य सराव शिबिर आणि मोसमाआधीचे सामने. खेळाबद्दल मत द्यायचं असेल तर आपल्या वार्ताहराने तोवर थांबावं, आणि जुलैत टिपलेल्या नोंदी तेव्हा सोबत ठेवाव्यात.

आपली विश्वासू,
एक मराठी वाचक,
मिसिसागा, ऑन्टारिओ